पेडल वाकडं, दोष ड्रायव्हरचा!

"चालकाचा ताबा सुटल्याने." वर्तमानपत्रातल्या अपघाताच्या बातमीत हे शब्द ठरलेले असतात. चौकशीच्या कागदावर तेच इंग्रजीत येतं, "एरर ऑफ जजमेंट". ज्यांनी एमटीत नोकरी केली आहे त्यांना हे तोंडपाठ असेल. वाक्य सोयीचं आहे. एकदा लिहिलं की फाइल बंद होते. पुष्कळदा ते खरंही असतं, म्हणून त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याच्या आधीचा एक प्रश्न कोणी विचारतच नाही, भांडण तिथे आहे. ज्याचा ताबा सुटला, त्याचा पाय ब्रेकपर्यंत सरळ पोचत होता का?

टायर किती झिजले होते ते बघतात. ब्रेक ऑइल बघतात. ड्रायव्हर रात्री झोपला होता का, प्यायला होता का, हे विचारतात. विचारायलाच हवं. पण सीट कितव्या खाचेत होती, ड्रायव्हरची उंची किती, पायात बूट कोणते होते, हे मी वीस वर्षांत एकाही कागदावर लिहिलेलं पाहिलं नाही. सिव्हिलमध्येही नाही आणि आपल्याकडेही नाही.

तेव्हा आज पेडलांवर. हसा खुशाल. डोंगर, बर्फ आणि सरहद्दीच्या गोष्टी पुढच्या वेळी.

आधी यंत्राची बाजू समजून घेऊ. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून स्टीअरिंग उजवीकडे. ड्रायव्हरच्या उजव्या पायाच्या पुढे, पत्र्यापलीकडे, पुढचं उजवं चाक असतं. चाकाला वळायला आणि वर-खाली व्हायला जागा लागते, म्हणून तिथला पत्रा आत फुगलेला असतो. डावीकडे गाडीच्या मध्यावर उंचवटा. या दोघांमधल्या बोळात ॲक्सिलरेटर, ब्रेक, क्लच आणि डावा पाय टेकवायची जागा, एवढं सगळं बसवायचं. गाडी जितकी लहान, चाक जितकं माणसाच्या जवळ, तितकी ओढाताण जास्त. मग ॲक्सिलरेटर डावीकडे सरकतो. तो सरकला की ब्रेक सरकतो, क्लच सरकतो, आणि डाव्या पायाच्या वाट्याला काहीच उरत नाही. तुमचे खांदे स्टीअरिंगच्या समोर आणि कंबरेखालचा भाग डावीकडे वळलेला. पंधरा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कळत नाही. पाचशे किलोमीटरनंतर डावा गुडघा आणि उजवा कुल्ला सांगतो.

यात आणखी एक गोम आहे. जगातल्या बहुतेक देशांत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, तिथे स्टीअरिंग डावीकडे. एका बाजूसाठी आखलेली गाडी दुसऱ्या बाजूसाठी बनवताना डॅशबोर्ड आरशातल्यासारखा उलटवता येतो, पेडलं उलटवता येत नाहीत. क्लच डावीकडे, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर, हा क्रम जगभर तोच. म्हणजे तिथे चाकाचा फुगवटा डाव्या पायाशेजारी येतो, इथे ॲक्सिलरेटरशेजारी. ज्याने आखणी करताना दोन्ही बाजूंचा विचार केला त्याची गाडी नीट उतरते. ज्याने नंतर बघू म्हटलं, त्याची गाडी तुम्ही-आम्ही वाकडे बसून चालवतो.

"सवय होते हो," असं लोक म्हणतात. होते ना. एकच गाडी रोज चालवणाऱ्याला होते. पण फौजी ड्रायव्हरचा विचार करा. सकाळी जिप्सी, दुपारी ट्रक, संध्याकाळी साहेबांची गाडी, आणि सुट्टीवर गेला की घरची किंवा मेहुण्याची. प्रत्येकीची पेडलं वेगळ्या जागी. शांतपणे चालवताना मेंदू जुळवून घेतो. कुत्रं आडवं आलं की मेंदू विचार करत बसत नाही, पाय जुन्या जागी जातो. पेडलं डावीकडे सरकलेल्या गाडीत दुसऱ्या गाडीच्या ब्रेकच्या जागी नेमका ॲक्सिलरेटर येऊ शकतो. त्यावर पाय पडला तर काय होतं ते सांगायला नको. आणि पुढचं वाक्य तयारच आहे, चालकाचा ताबा सुटला.

ही कल्पना मी बसून काढलेली नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीबद्दल तक्रारींचा पाऊस पडला होता. ऑटोमॅटिक गाडी, गिअर टाकला की आपोआप सुसाट सुटते, अशी तक्रार. तिथल्या सरकारी महामार्ग सुरक्षा संस्थेने तपास केला आणि १९८९ साली अहवाल दिला. बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला होता, असं निघालं. आपल्याकडे असतं तर गोष्ट इथेच संपली असती. तिथे त्या निमित्ताने पेडलांच्या जागेची चर्चा झाली, आणि ब्रेकवर पाय असल्याशिवाय गिअर पार्कमधून हलणारच नाही अशी कडी त्या गाड्यांना बसवली गेली. आज तुमच्या ऑटोमॅटिक गाडीत ती कडी आहे. चूक माणसाची ठरली तरी दुरुस्ती यंत्रात करता येते, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता बुटांचं. शोरूममध्ये आपण चपला नाहीतर पातळ तळव्याचे शूज घालून जातो. डीएमएस बूट घालून कोणी जात नाही. डोंगरात बर्फाचे बूट घातले की पाय डीएमएसपेक्षाही रुंद होतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमधलं अंतर कमी असेल तर ब्रेक दाबताना बुटाची कड ॲक्सिलरेटरला लागते. ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा थोडं उंच ठेवतात ते याचसाठी, दोन्ही एकदम दाबले जाऊ नयेत म्हणून. त्या उंचीचा हिशेब साध्या शूजवर केलेला असतो. सेला खिंडीत, १३,७०० फुटांवर, पहाटे पाय बधिर झालेला असताना बुटाखाली नेमकं काय आलंय हे कळतही नाही. २०२४ साली तिथे बोगदा झाला, म्हणून निदान खिंडीतला बर्फ टळला. बूट तेच आहेत.

आणि उंची. फौजेच्या भरतीत गोरखा आणि लडाखी जवानाला १५७ सेंटिमीटर उंची चालते. पंजाब-हरियाणाच्या पोराला १७० लागते, आणि प्रत्यक्षात तो १८५चा येतो. हे दोघे एकाच गाडीवर आलटून पालटून बसतात. तवांगच्या रस्त्यावर असाच एक गोरखा ड्रायव्हर माझ्याबरोबर होता. पोरगा हुशार, हात सोन्याचा, पण पाठीमागे कांबळ्याची गुंडाळी ठेवून सीटच्या कडेवर बसायचा. विचारलं तर म्हणाला, "साब, क्लच पूरा नहीं दबता." सीट पुढे का घेत नाहीस? तर ती रुळावर गंजून अडकलेली, गाडी आल्यापासून कोणी हलवलीच नव्हती. वळणावर कांबळं सरकलं की त्याची पाठ मोकळी, आणि तो स्टीअरिंगला धरून स्वतःला तोलणार. स्टीअरिंग गाडी वळवायला असतं, लोंबकळायला नाही. रूळ साफ करून तेल घातलं, सीट चार खाचा पुढे आली, कांबळं परत स्टोअरमध्ये गेलं. त्या दिवसापासून माझ्या फर्स्ट परेडमध्ये इंजिन ऑइल आणि कूलंटच्या जोडीला सीटचे रूळही बघितले जातात. पोरं आधी हसली. नंतर दोन पंजाबी ड्रायव्हरांनीच येऊन विचारलं, साब, आमचीही बघाल का?

सरासरी माणसासाठी गाडी बनवली की ती सगळ्यांना थोडी थोडी बसते, हा समज सैन्यानेच खोटा ठरवला आहे, आपल्या नाही, अमेरिकेच्या. तिथल्या विमानांच्या कॉकपिटची मापं १९२६ साली घेतलेल्या सरासरीवर बेतलेली होती. अपघात वाढले, वैमानिकांना दोष देऊन झाला. १९५० साली हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची अंगाची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाचा तरुण लेफ्टनंट त्यातली दहा मापं घेऊन बसला, आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती आहेत ते मोजलं. उत्तर शून्य. चार हजारांत एकही नाही. मग मागे-पुढे होणारी सीट, सरकणारी पेडलं, कमी-जास्त होणारे पट्टे, असं करून यंत्र माणसाच्या मापाला आणलं गेलं. पंचाहत्तर वर्षं होत आली या गोष्टीला.

आणि आपल्याकडे आज गाडीच्या बाजारात काय चाललंय? सीट वर-खाली करायची सोय बहुधा वरच्या व्हेरिएंटला. स्टीअरिंग वर-खाली होतं, पण मागे-पुढे होणारं हवं असेल तर आणखी वरचं घ्या. माझं म्हणणं असं की ही दोन्ही चैनीच्या यादीत घालणं हा सरळ सरळ अन्याय आहे. छताला काच हवी असेल तर जास्त पैसे घ्या, माझी हरकत नाही. मोठा स्क्रीन, रंगीत दिवे, बोललं की ऐकणारी गाडी, घ्या पैसे. पण माणसाचा पाय ब्रेकपर्यंत नीट पोचणं याचे वेगळे पैसे? उद्या ब्रेकसुद्धा टॉप मॉडेललाच देणार का?

फौजी माणसाला हे जास्त लागतं. कॅन्टीनमधून गाडी घेताना आपल्या रँकप्रमाणे किमतीची मर्यादा असते. ती ठेवण्यामागे कारणं आहेत, त्यात मी शिरत नाही. पण परिणाम असा की जवान आणि जेसीओ खालचं किंवा मधलं व्हेरिएंट घेतो. म्हणजे वीस-बावीस वर्षं ट्रकमध्ये हाडं खिळखिळी झालेला माणूस, ज्याची कंबर आधीच गेलेली, लो मेडिकल कॅटेगरीत घरी आलेला, तोच नेमका न हलणाऱ्या सीटवर बसणार. आमच्या साताऱ्याकडे गावोगाव असे निवृत्त सुभेदार भेटतात. पेन्शन आल्यावर हौसेने गाडी घेतली, आणि आता ती अंगणात ताडपत्रीखाली. "गुडघा धरतो रे," म्हणतात. गुडघ्यावर औषध चालू आहे. त्यांच्या गाडीत डावा पाय ठेवायला जागा नाही, पाय सतत क्लचवर अधांतरी, हे डॉक्टरांना कोण सांगणार? शिवाय असा अधांतरी पाय नकळत क्लचवर टेकत राहतो आणि क्लच प्लेट लवकर जाते, ते बिल वेगळं.

आता घरची गोष्ट सांगतो, कारण तिथे हा प्रश्न जिवाचा होतो. आमच्या सौ. पाच फूट एक इंच. मी वर्षातले दहा महिने बाहेर, त्यामुळे मुलांची शाळा, सासऱ्यांचा दवाखाना, सगळं गाडीवर तीच बघते. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत तिच्यासाठी गाडी बघायला गेलो. एका गाडीत क्लच तळापर्यंत दाबायचा तर तिला सीट इतकी पुढे घ्यावी लागली की स्टीअरिंग छातीला येऊन भिडलं. स्टीअरिंग मागे-पुढे होत नव्हतं. विक्रेता पोरगा म्हणाला, "मॅडम, पाठीमागे उशी ठेवा ना, सगळ्या लेडीज तेच करतात." तिने विचारलं, "उशी कंपनी देते का?" पोरगा गप्प. त्याचा तरी काय दोष म्हणा. आम्ही ती गाडी घेतली नाही. दुसऱ्या गाडीचं वरचं व्हेरिएंट, तीन वर्षं वापरलेलं, तेवढ्याच पैशात मिळालं.

गंमत बघा. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. उत्तम झालं. पण एअरबॅग स्फोट झाल्यासारखी उघडते. छाती आणि स्टीअरिंगचा मधला भाग यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, असं अमेरिकेची तीच सुरक्षा संस्था सांगते. म्हणजे एक वीत आणि वर दोन बोटं. आमच्या सौ.चं त्या गाडीत वीतभरही भरत नव्हतं. पिशवी सक्तीची, आणि तिच्यापासून सुरक्षित अंतरावर बसायची सोय ऐच्छिक! १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं, गाड्यांना तारे मिळू लागले, तेही चांगलंच आहे. पण समोरच्या धडकेच्या चाचणीत ६४ किलोमीटरच्या वेगाने जी गाडी आदळवतात, तिच्या पुढच्या सीटवरचा पुतळा मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मापाचा असतो, आणि तोही अमेरिकी मापाचा, पावणेसहा फुटांच्या आसपास. भारतीय पुरुषाची सरासरी पाच फूट पाच इंचांच्या घरात, बाईची पाच फुटांच्या थोडी वर. ताऱ्यांवर विश्वास ठेवा, पण ते तारे तुमच्या उंचीच्या माणसाने मिळवलेले नाहीत हेही लक्षात असू द्या.

इथे आमची जुनी मंडळी मिशीवर ताव देणार, हे मला माहीत आहे. "आम्ही शक्तिमान चालवला बाबा, पॉवर स्टीअरिंग नव्हतं, हीटर नव्हता. कसली सीटची उंची घेऊन बसलास?" मला त्यांच्याबद्दल आदर आहे, त्यांच्याच हाताखाली शिकलो. पण ट्रकमध्ये माणूस खुर्चीवर बसल्यासारखा उंच बसतो, पाय खाली जातात, पाठ ताठ राहते. मोटारीत माणूस खाली बसतो, पाय पुढे पसरतात, आणि पेडल चार बोटं बाजूला असलं तरी सगळा पीळ कंबरेत जातो. उंच एसयूव्हीत वेगळाच ताप. चासीवर बसवलेल्या गाडीची फरशी उंच असते, त्यामुळे बाहेरून गाडी रुबाबदार दिसली तरी आत गुडघे वर येतात आणि मांड्या सीटला टेकतच नाहीत. आणि त्या पिढीतल्या किती जणांची कंबर शाबूत आहे, ते त्यांनीच एकदा ईसीएचएसच्या रांगेत मोजावं.

शिकवण्याचं तर विचारूच नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातल्या १५व्या नियमात लायसन्सच्या परीक्षेत काय काय बघायचं याची यादी आहे. यादीची सुरुवात आरसा नीट करण्यापासून होते. आरसा! सीट बसवल्याशिवाय आरसा कसा लावणार? सीट एक खाच हलली की आरशातलं चित्र बदलतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तर आधीच्या पोराने सोडलेल्या सीटवर दुसरा पोरगा तसाच बसतो, शेजारी मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतोच, आणि तीस दिवसांत लायसन्स हातात. त्याला आयुष्यात कोणी सांगितलेलं नसतं की बाबा, नीट बस.

म्हणून मी सांगतो, आमचे उस्ताद सांगायचे तसं. कुल्ले सीटच्या कोपऱ्यात पूर्ण मागे. उंची अशी की रस्ता बॉनेटवरून दिसेल आणि डोकं छताला घासणार नाही. मग क्लच तळापर्यंत दाबा, पाठ न सोडता. गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. पाय काठीसारखा सरळ झाला तर सीट लांब आहे. ब्रेकवर पंजा, टाच फरशीवर. पाठ जवळजवळ ताठ. आरामखुर्चीसारखं रेलून चालवणारे हायवेवर फार दिसतात, त्यांना ब्रेक दाबायला आधी पोटातून उठावं लागतं. खांदे सीटला टेकवून हात लांब केला की मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर आलं पाहिजे. येत नसेल तर पाठ आणखी ताठ करा, पण पाय जुळल्यावर सीट हलवू नका. पट्टा पोटावर नको, कंबरेच्या हाडांवर. डोक्याच्या टेकूचा वरचा काठ डोक्याच्या उंचीला. आरसे सगळ्यात शेवटी. आणि पायाशी एकावर एक दोन मॅट घालू नका, पाण्याची बाटली तर तिथे मुळीच नको. घाटात उतारावर ती घरंगळून ब्रेकच्या पेडलाखाली जाते.

एवढं करूनही कंबर वाकडीच राहत असेल तर दोष तुमच्या बसण्यात नाही, गाडीत आहे. ते तपासायला इंजिनिअर लागत नाही. शोरूममध्ये रोजचे बूट घालून जा, मेजरिंग टेप न्या. सीटच्या बरोबर मध्यापासून समोर सरळ रेषा धरा आणि ब्रेकचं पेडल त्या रेषेच्या कुठे पडतं ते मोजा. स्टीअरिंगचा मध्य कुठे पडतो तेही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमधली फट मोजा. डाव्या पायाला जागा आहे का बघा. गाडी बंद ठेवून वीस मिनिटं आत बसा, फोन न बघता. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे, हप्ते सात वर्षं तुम्ही भरणार आहात.

ब्रोशरमध्ये डिकीत किती लिटर सामान मावतं ते लिहितात, स्क्रीन किती इंची ते लिहितात. पेडलं सीटच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाजूला आहेत, हे एकाही ब्रोशरमध्ये मी वाचलेलं नाही. आकडा कंपनीकडे असतोच, त्याशिवाय गाडी बनत नाही. तो छापा. आणि सीटची उंची व स्टीअरिंग मागे-पुढे करायची सोय पहिल्या व्हेरिएंटपासून द्या, जशी एअरबॅग द्यावी लागली तशी. कायद्याने सांगेपर्यंत कोणी देणार नाही, हे एअरबॅगच्या वेळी दिसलंच.

पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय. मेहुण्याला गाडी घ्यायची आहे आणि तो सहा फूट आहे. टेप बॅगेत टाकली आहे. कोणी आपल्या गाडीची मापं घेतली तर गाडीचं नाव, व्हेरिएंट आणि आपली उंची लिहून पाठवा, मी सगळी एका वहीत उतरवून ठेवतोय.